मच्छीमाराला बैठकीला बोलावलं, पण बुडालेला दिवस कोण भरून देणार?

कॅनडाच्या पूर्व टोकाला न्यूफाउंडलंड नावाचं बेट आहे. तिथल्या समुद्रातला कॉड मासा कधी संपेल असं कुणाच्या मनातही येत नसे. १९८० च्या दशकात किनाऱ्याजवळ छोट्या होड्यांतून मासेमारी करणारे लोक सांगू लागले की मासा कमी येतोय आणि जो येतोय तोही आकारानं लहान. सरकारी आकडे मात्र साठा वाढत असल्याचं दाखवत होते. यात खोटं कुणीच बोलत नव्हतं. सरकारी हिशेबात मोठ्या ट्रॉलरांच्या पकडीला भरपूर वजन होतं. ट्रॉलर मासा शोधत फिरतो. सगळीकडचा मासा आटून एका कोपऱ्यात उरला, तरी ट्रॉलर तिथे पोचतो आणि जाळं भरून आणतो. होडीवाला ठरलेल्या जागी जाळं लावतो. मासा किनाऱ्याकडे यायचा थांबला की पहिली खबर त्याला लागते.

या छोट्या मच्छीमारांच्या संघटनेनं नुसती निवेदनं दिली नाहीत. तिथल्या मेमोरियल विद्यापीठातल्या जीवशास्त्रज्ञांकडून तिनं सरकारी अंदाजांची स्वतंत्र तपासणी करून घेतली. १९८६ साली आलेल्या त्या अहवालात साठ्याचा अंदाज फुगलेला असल्याचं स्पष्ट म्हटलं होतं. अहवाल बाजूला सारला गेला. १९८९ मध्ये सरकारी शास्त्रज्ञांनी स्वतःचेच आकडे बरेच खाली आणले, पण कोटा त्या वेगानं खाली आला नाही. २ जुलै १९९२ ला कॉडची मासेमारी बंद करावी लागली आणि ३०,००० हून अधिक लोकांचं काम गेलं. ती बंदी उठायला २०२४ साल उजाडलं.

ही हकिकत सहसा 'शास्त्रज्ञ चुकले, मच्छीमार बरोबर होते' एवढ्यावर संपवली जाते. मला त्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. मच्छीमारांना जे डोळ्यांनी दिसत होतं, ते सरकारला ऐकू जाईल अशा भाषेत मांडण्यासाठी त्यांना शास्त्रज्ञ गाठावे लागले, संघटना चालवावी लागली, खटपट करावी लागली. या सगळ्याला पैसा लागतो. मत असणं फुकट असतं, ते टेबलापर्यंत पोचवणं फुकट नसतं. मच्छीमारांच्या सहभागाबद्दल खूप बोललं जातं आणि त्याच्या खर्चाबद्दल फार थोडं, म्हणून हा लेख मुख्यतः खर्चाबद्दल आहे.

आधी थोडं मूळ गणित

मासेमारीचं व्यवस्थापन म्हणजे पाच-सहा प्रश्नांची उत्तरं ठरवणं. किती मासा काढायचा, कोणत्या महिन्यात काढायचा नाही, जाळ्याचा आस, म्हणजे त्यातलं एकेक भोक, केवढा असावा, कोणती बोट किनाऱ्यापासून किती दूर राहील, आणि परवाना कुणाला मिळेल. मासा तालुका, राज्य, देश यांच्या हद्दी पाळत नाही, म्हणून हे प्रश्न एका गावापुरते सुटत नाहीत. समुद्राचा एक सलग पट्टा घेऊन तिथले सगळे मिळून ठरवतात, त्याला प्रादेशिक व्यवस्थापन म्हणायचं. पट्टा एखाद्या जिल्ह्याएवढा असेल, उत्तर समुद्राएवढा असेल किंवा अख्ख्या हिंदी महासागराएवढाही.

यात मच्छीमार कशाला हवेत? माहितीसाठी, हे न्यूफाउंडलंडनं दाखवलंच. पण त्याहून व्यवहारी कारण अंमलबजावणीचं आहे. समुद्रात दर बोटीमागे पोलीस ठेवता येत नाही. ज्याला नियम पटलेला नाही तो अंधारात जाळं टाकणार, आणि शेजारचा टाकतोय म्हणून दुसराही टाकणार. नियम ठरवताना जो खोलीत होता, तो निदान त्या नियमामागचं कारण गावात सांगू शकतो.

आता समजा, तुमच्या हाउसिंग सोसायटीची पाणीपट्टी ठरवणारी सभा मंगळवारी सकाळी अकरा वाजता, दुसऱ्या शहरात, इंग्रजीत ठेवली आणि 'सर्व सभासदांचे स्वागत आहे' असं पत्रक लावलं, तर कोण जाईल? निवृत्त माणूस जाईल, किंवा ज्याचा बिल्डरशी काही व्यवहार आहे तो. मच्छीमारांच्या बाबतीत नेमकं हेच होतं. मोठ्या कंपनीचा माणूस पगारी असतो आणि बैठकीला बसणं हेच त्याचं काम असतं. होडीचा तांडेल बैठकीला गेला की होडी किनाऱ्यावर, खलाशी रिकामे, आणि त्या दिवसाची कमाई शून्य.

कोळीवाड्यात डोल लावणाऱ्याला तारीख विचारा, तो तिथी सांगेल. डोल जाळं भरती-ओहोटीच्या ओढीवर चालतं. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याला जोर असतो, तेव्हा मासळी लागते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी मंद असतं, जाळी सुकवायला नि शिवायला वेळ असतो. म्हणजे तीच बैठक भांगाच्या दिवशी ठेवली तर त्याला जवळपास फुकट पडते आणि उधाणात ठेवली तर महागात. सहभागाचा खर्च कमी करण्याचा इतका स्वस्त उपाय दुसरा नाही. त्यासाठी फक्त बैठक ठरवणाऱ्याच्या भिंतीवर इंग्रजी कॅलेंडरशेजारी पंचांग लागतं.

युरोपनं काय केलं

हा प्रयोग सगळ्यात पद्धतशीरपणे, आणि सगळ्यात जास्त कागद रंगवून, युरोपीय संघानं केला. तिथे १९८३ पासून समाईक मत्स्य धोरण आहे. कोणत्या माशाचा किती टन कोटा, हे दर डिसेंबरात ब्रुसेल्समध्ये देशोदेशीचे मंत्री रात्र-रात्र जागून घासाघीस करत ठरवायचे. बंदरावरच्या माणसाला निकाल कळायचा तो बातम्यांतून. २००१ साली युरोपीय आयोगानं स्वतःच एका जाहीर चर्चापत्रात कबूल केलं की ज्यांच्यासाठी हे धोरण आहे त्यांना आपण त्यात कुठे आहोत असं वाटतच नाही. २००२ च्या सुधारणेत मग प्रादेशिक सल्लागार परिषदा आल्या. समुद्रपट्ट्यानुसार नि मासेमारीच्या प्रकारानुसार सुरुवातीला सात ठरल्या. पहिली, उत्तर समुद्राची, नोव्हेंबर २००४ मध्ये एडिंबरात सुरू झाली. २०१३ च्या सुधारणेनंतर संख्या वाढली आणि आज अशा ११ परिषदा आहेत. त्यात काळ्या समुद्राची आहे, मत्स्यशेतीची आहे आणि बाजाराचीही आहे.

रचना साधी आहे. सदस्य संघटना असतात. सुरुवातीला दोन तृतीयांश जागा मासेमारी क्षेत्राला होत्या, त्यात बोटमालक, प्रक्रिया उद्योग, व्यापारी आणि कामगार संघटनाही आल्या. एक तृतीयांश जागा पर्यावरण संस्था, ग्राहक वगैरे इतरांना होत्या. २०१३ नंतर हे प्रमाण ६० आणि ४० टक्के झालं. परिषद सल्ला देते. शक्य तिथे तो एकमतानं द्यायचा आणि जमलं नाही तर वेगळं मत नोंदवून ठेवायचं. आयोगावर तो सल्ला बंधनकारक नाही, पण शिफारशीला दोन महिन्यांत उत्तर देणं बंधनकारक आहे, आणि निर्णय सल्ल्याहून वेगळा घेतला तर त्याची कारणंही द्यावी लागतात. सरकारी कार्यालयात निवेदन देऊन पोच घेण्यापलीकडे कधी काही हाती न लागलेल्यांना या दोन महिन्यांची किंमत कळेल.

आता पैसा. सुरुवातीला युरोपीय संघाचा हिशेब असा होता की पहिली पाच वर्षं आपण मदत करू, दरवर्षी ती थोडी कमी करत जाऊ, आणि तोवर परिषदा स्वतःच्या पायावर उभ्या राहतील. पहिल्या वर्षासाठी कमाल मर्यादा २ लाख युरो होती. बाकीचा भार सदस्यांच्या वर्गणीतून आणि देशांच्या सरकारांकडून यायचा होता.

ते तसं होणार नव्हतं आणि झालंही नाही. सदस्यांपैकी ज्यांच्याकडे पैसा होता, त्यांना ब्रुसेल्समध्ये आपला आवाज पोचवायला परिषदेची गरज नव्हती. ज्यांना गरज होती, त्यांच्याकडे वर्गणीपलीकडे द्यायला काही नव्हतं. शेवटी २००७ साली नियम बदलला. या परिषदा सर्वांच्या हिताचं काम करतात असं मान्य करून प्रत्येकीला वर्षाला अडीच लाख युरोंपर्यंतचा कायमचा निधी ठरला. आजच्या दरानं ही रक्कम अडीच कोटी रुपयांच्या आसपास जाते. ऐकायला मोठी वाटते, पण तिच्यातून कार्यालय, दोन-तीन पगारी माणसं, सभागृहं, सदस्यांचा प्रवास आणि दुभाषे एवढं सगळं भागवायचं असतं.

दुभाषे हा खर्च आपल्या लक्षात येत नाही. आयर्लंडचा मच्छीमार, ब्रिटनीचा फ्रेंच आणि गॅलिशियाचा स्पॅनिश मच्छीमार एकाच पाण्यात मासे धरतात, पण एकमेकांशी बोलू शकत नाहीत. भाषांतराची सोय नसेल तर बैठक इंग्रजी येणाऱ्यांची होते आणि इंग्रजी येणारे बहुधा संघटनेचे कार्यालयीन लोक असतात. कागदांचंही तेच आहे. मच्छीमाराला बैठकीच्या आदल्या रात्री परक्या भाषेतला ८० पानी मसुदा मिळाला, तर खुर्ची मिळूनही तो मुकाच राहतो.

छोट्या बोटींची गोष्ट वेगळी

निधी मिळाला तरी एक भोक उरलंच. युरोपच्या ताफ्यातल्या दर चारपैकी सुमारे तीन बोटी १२ मीटरपेक्षा लहान आणि ओढजाळी न वापरणाऱ्या आहेत. परिषदांत मात्र त्या दिसत नव्हत्या. कारण उघड आहे. परिषदेत संघटना बसतात, आणि मोठ्या बोटींच्या संघटना जुन्या, पगारी कर्मचारी असलेल्या, ब्रुसेल्समध्ये कार्यालय थाटलेल्या होत्या. एकट्यानं किंवा दोघांनी होडी चालवणाऱ्यांची युरोपभर पसरलेली संघटनाच नव्हती. २०१२ मध्ये अशा छोट्या मच्छीमारांनी मिळून आपली स्वतंत्र संघटना उभारली. तिचं लघुरूप लाइफ.

२०१५ च्या नियमावलीत मग दोन बारीक, पण कामाच्या तरतुदी आल्या. कार्यकारी समितीत एरवी २५ जण असतात. छोट्या ताफ्यांना नीट जागा देता यावी म्हणून हा आकडा ३० पर्यंत नेण्याची मुभा मिळाली. दुसरी तरतूद माझ्या मते अख्ख्या प्रयोगातली सगळ्यात शहाणी आहे. जो माणूस स्वतः समुद्रात जातो आणि छोट्या मासेमारीचा प्रतिनिधी म्हणून नियमितपणे बैठकांना येतो, त्याला प्रवास आणि राहण्याच्या खर्चाशिवाय वेगळी भरपाईही मिळू शकते. प्रत्येक वेळी तिचं कारण नोंदवायचं, एवढीच अट. म्हणजे बुडालेल्या दिवसाला कायद्यानं किंमत दिली.

प्रवासखर्च आणि भरपाई यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. प्रवासखर्च दिला की आयोजकाला वाटतं, आपण त्याचा सगळा खर्च भागवला. पण तिकीट फुकट मिळालं तरी हवामान चांगलं असलेला दिवस गेलाच. वर्षात असे दिवस मोजकेच असतात.

अमेरिका, आणि मिंधेपणाचा प्रश्न

अमेरिकेनं वेगळी वाट घेतली. १९७६ च्या कायद्यानं तिथे आठ प्रादेशिक परिषदा झाल्या आणि त्यांचं वजन नुसत्या सल्ल्याहून पुष्कळ जास्त आहे. मासेमारीचे आराखडे त्याच बनवतात, केंद्राचं वाणिज्य खातं ते मंजूर किंवा नामंजूर करतं. प्रत्येक राज्याचा गव्हर्नर नावांची यादी पाठवतो, त्यातून सदस्य नेमले जातात. मुदत तीन वर्षं, लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा नाही. सदस्य सरकारी नोकर नसेल तर परिषदेच्या कामाच्या दिवसांसाठी त्याला केंद्र सरकारच्या वरच्या श्रेणीतल्या अधिकाऱ्याच्या दिवसाच्या पगाराइतकं मानधन मिळतं. मच्छीमाराचा दिवस आणि साहेबाचा दिवस एका किमतीचा, ही कल्पना मला भलतीच आवडते.

पण अधिकार आणि पैसा दिला की हितसंबंधही खोलीत शिरतात. स्वतःच्या कोट्यावर स्वतःच मत देणारे सदस्य ही अमेरिकी पद्धतीवरची जुनी तक्रार आहे. त्यावर उपाय म्हणून सदस्यांना आर्थिक हितसंबंध जाहीर करावे लागतात आणि काही ठरावांवर मतदानापासून दूर राहावं लागतं. पुढे अशीही तरतूद झाली की परिषदेच्या शास्त्रीय समितीनं सांगितलेल्या मर्यादेच्या वर परिषद पकडीचा आकडा नेऊ शकत नाही. मच्छीमार कसं वाटायचं ते ठरवतील, पण एकूण किती हे शास्त्र ठरवेल. ही विभागणी मला पटते.

अलास्काचं उदाहरण याहून गुंतागुंतीचं आहे. बेरिंग समुद्रकाठची ६५ गावं, बहुतेक मूळनिवासींची, १९९२ पासून एका योजनेत आहेत. समुद्रातल्या पोलॉक माशाच्या कोट्याचा एक हिस्सा, आता १० टक्के, या गावांच्या सहा गटांना मिळतो. गट तो वापरतात किंवा कंपन्यांना देऊन पैसा घेतात, कंपन्यांत भागीदारीही घेतात. त्यातून गावात बंदरं झाली, शिष्यवृत्त्या मिळाल्या, आणि परिषदेत गावाची बाजू मांडायला स्वतःचे पगारी तज्ज्ञही मिळाले. सहभागाचा निधी माशातूनच काढायचा, कुणाच्या अनुदानावर अवलंबून राहायचं नाही, असा हा प्रकार.

तर यात खोट काय? पोलॉकच्या ट्रॉलरांत सामन मासाही अडकून मरतो. युकॉन आणि कुस्कोक्विम या नद्यांत सामन इतका घटला की वरच्या अंगाच्या गावांना घरच्या जेवणापुरताही तो धरता येईना. ती गावं किनाऱ्यापासून दूर म्हणून योजनेत नाहीत. ज्या गावांकडे बोलायला पैसा आहे त्यांचा पैसा पोलॉकमधून येतो, आणि ज्यांचा सामन गेला त्यांच्याकडे तो पैसा नाही. सामन घटण्यामागे तापलेल्या समुद्राचा वाटा मोठा आहे असं शास्त्रज्ञ सांगतात, त्यामुळे सगळा दोष ट्रॉलरांवर टाकता येत नाही. पण निधी जिथून येतो त्याच्याविरुद्ध बोलताना जीभ थोडी अडखळते, एवढं यातून घ्यायला हरकत नाही. अनुदान सरकारचं असो, कंपनीचं असो की परदेशी प्रतिष्ठानाचं, अडखळण्याची जागा फक्त बदलते.

तुमच्या ताटातली सुरमई कुठे ठरते?

आता आपल्या पाण्याकडे येऊ. सुरमई ही कोकणची मासळी, पण तिचं नाव एका आंतरराष्ट्रीय यादीतही आहे. हिंदी महासागरातल्या ट्यूना आणि तत्सम माशांसाठी एक आयोग आहे, सेशेल्समधल्या व्हिक्टोरिया शहरात त्याचं मुख्यालय आहे, सुमारे ३० सदस्यांत भारतही आहे. त्याच्या अखत्यारीतल्या १६ जातींत मोठे ट्यूना आहेत तशी सुरमईही आहे. गरीब सदस्य देशांच्या प्रतिनिधींना आणि शास्त्रज्ञांना बैठकांना येता यावं म्हणून या आयोगानं एक सहभाग निधी ठेवला आहे. कल्पना चांगली, पण लाभ मिळतो तो सरकारी शिष्टमंडळाला. मालवणचा गळानं सुरमई धरणारा माणूस त्या शिष्टमंडळात असावा की नाही, हे दिल्ली ठरवणार.

छोट्या मच्छीमारांच्या हक्कांची जागतिक मार्गदर्शक तत्त्वं मात्र भारताशी जवळून जोडलेली आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं ती २०१४ साली स्वीकारली. त्यासाठी वर्षानुवर्षं झटलेल्यांत चेन्नईच्या चंद्रिका शर्मा होत्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये बेपत्ता झालेल्या मलेशियाच्या विमानात त्या होत्या. ती तत्त्वं त्यांना अर्पण केली आहेत. मच्छीमारांना निर्णयात घ्या, त्यांच्या संघटना बळकट करा, बायकांचा वाटा मोजा, हे सगळं त्यात आहे. फक्त ती ऐच्छिक आहेत.

आपल्याकडे १२ सागरी मैलांपर्यंतची मासेमारी राज्याच्या अखत्यारीत, त्यापुढची केंद्राच्या. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१ चा, २०२१ मध्ये सुधारलेला. त्यात सल्लागार समितीची सोय सुरुवातीपासून आहे. सहकाराची परंपरा तर त्याहून जुनी आहे. देशातली पहिली मच्छीमार सहकारी सोसायटी १९१३ साली रत्नागिरीजवळच्या कर्ल्यात निघाली असं सांगतात. म्हणजे माणसं आहेत, संस्था आहेत, समित्या आहेत. तरीही पर्ससीनचा, म्हणजे माशांच्या थव्याभोवती वेढून तळाशी आवळून घ्यायच्या मोठ्या जाळ्याचा, वाद पाहा. सोमवंशी समितीनं पर्ससीन परवाने ४९४ वरून २६२ आणि पुढे १८२ पर्यंत खाली आणायला सांगितलं. ५ फेब्रुवारी २०१६ ला शासनाचा आदेश निघाला, पर्ससीनला सप्टेंबर ते डिसेंबर एवढेच महिने मिळाले. आदेश निघाल्यावर भांडण थांबलं नाही, समुद्रात आणि कोर्टात गेलं. पारंपरिक मच्छीमार म्हणतात अंमलबजावणी होत नाही, पर्ससीनवाले म्हणतात आमचं कर्ज कोण फेडणार. दोघांना वर्षातून चार वेळा, कागद हातात देऊन, एका टेबलावर बसवण्याचा खर्च गस्तीनौकांच्या डिझेलपेक्षा जास्त आला असता असं मला वाटत नाही.

लहान माशांचा नियमही तसाच. २०२३ मध्ये राज्यानं ५४ जातींसाठी किमान आकार ठरवला. त्याच सुमारास पापलेट राज्यमासा झाला. आकाराचे आकडे शास्त्रज्ञांनी दिले, ते बरोबरच आहेत. पण मिश्र जाळ्यात बोटभर पापलेट येणारच, त्याचं करायचं काय, पकडायची बोट की विकत घेणारा व्यापारी, हे सगळं बंदरावर ठरतं. अशा प्रश्नांसाठी केरळनं त्रिस्तरीय परिषदा कायद्यात घातल्या: गाव, जिल्हा आणि राज्य. त्याच केरळातल्या अष्टमुडी खाडीत तिसऱ्यांसारख्या शिंपल्या काढणाऱ्यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी खाडी बंद ठेवायची, जाळीचा आस मोठा ठेवायचा, हे शास्त्रज्ञांच्या मदतीनं मान्य केलं आणि पाळलं. २०१४ साली त्या शिंपल्यांना शाश्वत मासेमारीचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं, भारतातलं पहिलंच. तिथे गोष्ट जमली त्याचं एक कारण म्हणजे खाडी लहान आहे आणि बैठकीला चालत जाता येतं.

मग इथे पैसा कुठून यावा

सगळ्यात सरळ उत्तर सरकारच. समुद्र सार्वजनिक, नियम सार्वजनिक, मग नियम ठरवण्याचा खर्चही सार्वजनिक. इंग्लंडमध्ये किनाऱ्याजवळची मासेमारी सांभाळणाऱ्या दहा प्राधिकरणांचा खर्च स्थानिक परिषदा उचलतात, म्हणजे शेवटी तिथला घरपट्टी भरणारा नागरिक. आपल्याकडे लिलावात किलोमागे काही पैसे बाजूला काढण्याची सूचना कधीमधी होते. मला ती अर्धीच पटते. सोसायटीचा स्वतःचा शास्त्रीय सल्लागार, स्वतःची नोंदवही यासाठी तो पैसा योग्य. कारण स्वतःच्या पैशानं घेतलेला सल्ला कुणाच्या मर्जीवर नसतो. पण सरकारी समितीच्या बैठकीला जायचा भत्ताही मच्छीमारानं स्वतःच्या मासळीतून काढावा, हे उलटं झालं. तिथे बसलेला अधिकारी काही पगार सोडून आलेला नसतो.

भत्त्याचा एक धोका आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. रोख रक्कम ठरली की 'कायमचे प्रतिनिधी' तयार होतात. दर बैठकीला तेच चार चेहरे, हळूहळू त्यांची होडी दुसराच चालवायला लागतो. अमेरिकेतली मुदतीची मर्यादा यासाठीच बरी. दुसरा उपाय म्हणजे बैठकीनंतर गावात येऊन सांगण्याचा खर्चही त्याच निधीत धरायचा, आणि ते सांगितल्याशिवाय पुढचा भत्ता नाही. ही परतीची बैठक जवळजवळ सगळ्या योजनांत विसरली जाते. मुंबईत काय ठरलं ते अर्नाळ्याला किंवा हर्णैला कळलंच नाही, तर प्रतिनिधी गेला काय आणि न गेला काय.

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. ६१ दिवस बोटी वर ओढलेल्या असतात, माणसं गावात असतात, दिवस बुडण्याचा प्रश्न निम्म्याहून जास्त सुटलेला असतो. वर्षाच्या नियमांची मोठी चर्चा या दोन महिन्यांत का होऊ नये? नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात उतरायच्या आधी सगळ्यांना यंदाचे नियम मराठीत, जेटीवरच्या फलकावर वाचायला मिळाले तर खर्च फक्त रंगाचा आहे.

बायकांचा वेळ मात्र वेगळ्या घड्याळावर चालतो. पहाटे बंदरावर लिलाव, सकाळी बाजार, दुपारी सुकवण. बंदीच्या काळातही सुक्या मासळीचा धंदा चालूच असतो. त्यांच्या नावावर बोट नसते, परवाना नसतो, म्हणून सहभागाच्या यादीत 'मच्छीमार' या शब्दाखाली त्या बहुधा येतच नाहीत. लहान पापलेट विकायचं नाही हा नियम मात्र सगळ्यात आधी त्यांच्या पाटीवर लागू होतो. भत्ता बोटीमागे ठरवला की त्या बाहेर राहतात, माणसामागे ठरवला तर आत येतात.

खलाशांचंही तसंच आहे. युरोपच्या परिषदांत कामगार संघटना बसतात, कारण बोटमालकाचं हित आणि बोटीवर राबणाऱ्याचं हित दर वेळी एक नसतं. रत्नागिरीच्या कितीतरी यांत्रिक बोटींवर आज नेपाळहून आलेली माणसं काम करतात. हंगाम कमी झाला की त्यांचा पगार आधी जातो, आणि सोसायटीच्या सभासदांच्या यादीत त्यांचं नाव नसतं.